इंजिन उघडायच्या आधी मला बोलवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमची गाड्यांची पुरवणी मी न चुकता वाचतो. सनरूफ किती मोठं, स्क्रीन किती इंची, डिक्कीत किती बॅगा बसतात, सगळं छान असतं, पण चाळीस हजार किलोमीटरला इंजिन बसलं तर माणसाने काय करायचं यावर आजपर्यंत चार ओळी पण बघितल्या नाहीत. म्हणून म्हणलं आपणच लिहावं, कारण माझं बसलंय आणि गेले अडीच महिने मी याच एका विषयात पीएचडी करतोय असं घरचे म्हणतात.

गाडी पेट्रोल, चार सिलेंडर, तिसरं वर्ष चालू, रनिंग ४१ हजार. इंजिनची वॉरंटी पाच वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, म्हणजे दोन्हीकडून आरामात आत. सगळ्या सर्व्हिस कंपनीच्याच सेंटरला, फक्त एक ऑईल बदल बाहेर केला कारण सेंटरला तीन आठवड्यांनी नंबर मिळत होता आणि मला लांब जायचं होतं, ग्रेड तोच, फिल्टर कंपनीचा, बिल जपून ठेवलेलं. तर एक दिवस चढाला आवाज आला, टकटकटक, ॲक्सिलरेटर दाबला की वाढायचा आणि सोडला की कमी. मला वाटलं खाली काहीतरी अडकलंय. मिनिटा-दोन मिनिटात लाल दिवा, तो किटलीसारख्या चित्राचा. गाडी बाजूला घेतली, बंद केली, टो करून सेंटरला पाठवली आणि निश्चिंत झोपलो. वॉरंटी आहे ना.

चौथ्या दिवशी फोन. "सर इंजिन गेलंय, आणि तुम्ही ऑईल बाहेर टाकलंय, त्यामुळे वॉरंटीत बसत नाही, नवीन इंजिनचं कोटेशन मेल केलंय." आकडा वाचून मी उभा होतो तो खाली बसलो.

आता जरा आत काय होतं ते सांगतो, कारण हे कळल्याशिवाय पुढचं भांडण कळत नाही. पिस्टनच्या वर-खाली होण्यावर गोल फिरतो तो जाड दांडा म्हणजे क्रँक, आणि पिस्टनला त्याच्याशी जोडतो तो कनेक्टिंग रॉड, प्रत्येक सिलेंडरला एक. या दोघांच्या मधे एक पातळ अर्धगोल पत्रा असतो, दोन तुकडे मिळून गोल होतो, त्याला बेअरिंग म्हणतात पण त्यात गोळ्या-बिळ्या काही नसतात. तो पत्रा आणि क्रँक एकमेकांना चालू इंजिनात टेकतच नाहीत, मधे ऑईलचा थर असतो आणि सगळं त्या थरावर तरंगतं. फट किती, तर मिलिमीटरच्या काही शतांश भाग, आपल्या डोक्याचा केस पण बहुतेक त्याहून जाडच असतो. आणि ३००० आरपीएमला क्रँक एका सेकंदात ५० वेळा फिरतो. आता या फटीत एखादा धातूचा कण गेला किंवा ऑईलची वाट थोडी तुंबली की थर तुटतो, धातूला धातू घासतो, पत्रा गरम होऊन जागेवरून फिरतो आणि मग तो टकटक आवाज. लाल दिवा ऑईल किती आहे ते सांगत नाही हे पण मला आत्ताच कळलं, तो प्रेशर सांगतो, आणि प्रेशर अगदी तळाला गेल्यावरच लागतो, म्हणजे दिवा दिसेपर्यंत बरंचसं होऊन गेलेलं असतं. ऑईल किती ते काडी काढूनच बघायचं.

तर मी दुसऱ्या दिवशी मेहुण्याला घेऊन सेंटरला गेलो. तो मशीन शॉपमधे काम करतो, वीस वर्षं लेथवर काढलीत. इंजिन टेबलावर सुटं मांडलेलं. त्याने क्रँकवर नखाची कड आडवी फिरवली, तीन नंबर सिलेंडरच्या जागेवर नख खडखड अडकलं, एक दोन चारवर काचेवरून फिरवल्यासारखं सरळ गेलं. तीन नंबरचा बेअरिंग पत्रा एकावर एक चढून पापुद्र्यासारखा पातळ झालेला, बाकीचे तीन जवळजवळ नवे. मग त्याने वरचं झाकण उलटं करून बघितलं, कॅमच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, आजूबाजूला बोट फिरवलं. बोटाला स्वच्छ तपकिरी ऑईल. मला म्हणाला, "दाजी, ऑईल वेळेवर न बदललेल्या इंजिनात इथे डांबरासारखा काळा चिखल सापडतो, आणि इंजिन ऑईलवाचून उपाशी राहिलं असतं तर एकटा तीन नंबर कसा गेला, शेजारच्यांवर पण काहीतरी खूण पाहिजे होती."

मी सेंटरच्या ॲडव्हायझरला, म्हणजे आपल्याशी बोलतो त्या माणसाला, विचारलं, इंजिनातून काढलेलं ऑईल कुठे आहे? म्हणे ड्रममधे ओतलं. फिल्टर? स्क्रॅपमधे. इंजिन उघडतानाचे फोटो? दोन आहेत, ते कंपनीला पाठवले, तुम्हाला देता येत नाहीत. ऑईल खराब होतं हे कशावरून ठरवलं? "सर, ते बघून कळतं."

बघून कळतं! अहो, शंभर मिली ऑईल लॅबला पाठवलं तर त्यात लोखंड किती, तांबं किती, ॲल्युमिनियम किती हे सगळं दशलक्षात किती भाग अशा हिशोबात छापून येतं. सिलिकॉन जास्त आलं तर धूळ गेलीय, म्हणजे एअर फिल्टर बघा. सोडियम-पोटॅशियम वाढलेलं दिसलं तर कूलंट, म्हणजे रेडिएटरमधलं पाणी, आत झिरपतंय का ते बघा. पेट्रोल मिसळलंय का, ऑईल किती पातळ झालंय, ग्रेड बरोबर होता का, सगळं कळतं. माझ्यावर जो आरोप होता त्याचा एकमेव साक्षीदार यांनी शंभर गाड्यांच्या काळ्या ऑईलमधे ओतून टाकला होता.

मला इथेच खरी गंमत वाटते, आणि हे पत्र मी खरं तर एवढ्या एका गोष्टीसाठी लिहितोय. इंजिन कोणाच्या ताब्यात, सेंटरच्या. उघडणार कोण, सेंटर. कशामुळे गेलं ते लिहिणार कोण, सेंटर. आणि त्या लिहिण्यावरून पैसे द्यायचे की नाही ठरवणार कोण, तर ज्या कंपनीच्या खिशातून जाणार ती कंपनी. या सगळ्यात मी कुठे आहे, तर फोनच्या दुसऱ्या टोकाला, कोटेशन वाचत. ॲडव्हायझरवर माझा राग नाही, तो पोरगा फॉर्म भरतो आणि वरून नाही आलं की आपल्याला नाही सांगतो, त्याच्यावर ओरडून काही होत नाही, पहिल्या दिवशी मी ओरडलो होतो आणि नंतर जाऊन सॉरी म्हणालो.

त्या सॉरीचा फायदा असा झाला की निघताना वर्कशॉपमधल्या एका हेल्परने गुपचूप स्क्रॅपच्या डब्यातून माझा फिल्टर काढून दिला, वर मार्करने गाडीचा नंबर होता म्हणून सापडला. मी घरी हॅकसॉ काढला तर मेहुणा ओरडला, "त्याचाच बुरा आत पडेल आणि मग तेच म्हणतील हा बुरा तुम्ही टाकलात." पाईपकटर आणून डबा गोल गोल फिरवून कापला, मोबाईल स्टँडला लावून पूर्ण व्हिडिओ चालू. आतला घड्या घातलेला कागद पसरला, पिळला, उन्हात धरला आणि चमचम. लग्नाच्या साडीला लाजवेल अशी. लोहचुंबक फिरवला तर बहुतेक चकाकी चिकटली नाही, म्हणजे ती बेअरिंगच्या पत्र्याची, ती निघणारच होती. पण एक कण चिकटला, बारीक, कुरळा, कातीव कामात टूलखालून निघतो तसा. मेहुणा बराच वेळ भिंगातून बघत बसला आणि म्हणाला की झीज होऊन निघालेला कण असा कुरळा नसतो. तो कुठून आला हे मी छातीठोक सांगू शकत नाही, पण "बाहेर ऑईल टाकलं" एवढ्यावर विषय संपत नाही हे तर नक्की.

आणि असं कुठे झालंच नाही अशातला पण भाग नाही. सप्टेंबर २०१५ मधे ह्युंदाईने अमेरिकेत साधारण ४ लाख ७० हजार सोनाटा गाड्या परत बोलावल्या, कारण क्रँक कातताना निघालेला धातूचा कचरा नीट साफ न झाल्याने रॉड बेअरिंगला ऑईल कमी पडून इंजिन जाम होऊ शकत होतं. २०१७ मधे ह्युंदाई-किया मिळून आणखी सुमारे १२ लाख. हे प्रकरण पुढे यायला कंपनीतलाच एक इंजिनिअर, किम ग्वांग-हो, कागद घेऊन बाहेर पडावा लागला, आणि २०२० मधे दोन्ही कंपन्यांनी रिकॉलला उशीर केल्याबद्दल मिळून २१ कोटी डॉलरच्या दंडाच्या तडजोडी मान्य केल्या. टोयोटाच्या काही इंजिनात ऑईलचा चिखल व्हायचा, कंपनी म्हणत होती मालक वेळेवर ऑईल बदलत नाहीत, शेवटी २००२ मधे ३३ लाख गाड्यांना विकल्यापासून आठ वर्षांपर्यंत त्या बिघाडाचं संरक्षण द्यावं लागलं. २०२५ मधे जनरल मोटर्सने अमेरिकेत ६.२ लिटर व्ही-८ इंजिनच्या जवळपास ६ लाख गाड्या बोलावल्या, क्रँक आणि कनेक्टिंग रॉडचाच दोष, आणि त्यातल्या ज्या तपासणीत पास झाल्या त्यांना आधीच्या झिरो-डब्ल्यू-२० ऐवजी जाड झिरो-डब्ल्यू-४० ऑईल भरून दिलं. आता सांगा, हेच जाड ऑईल एखाद्या मालकाने स्वतःच्या डोक्याने भरलं असतं तर त्याला काय ऐकायला लागलं असतं?

बाहेर सर्व्हिस केली म्हणून वॉरंटी आपोआप गेली हा पण एक पसरवलेला समज आहे. अमेरिकेत १९७५ पासून कायदाच आहे की ठराविक कंपनीचाच पार्ट किंवा आमचीच सर्व्हिस घेतली तरच वॉरंटी अशी अट घालता येत नाही, त्या पार्टमुळेच बिघाड झाला असं म्हणायचं असेल तर ते कंपनीने दाखवायचं. आणि कायदा जिथला कुठला असो, साधा प्रश्न विचारायचा, की माझ्या कुठल्या कृतीमुळे तीन नंबरचं बेअरिंग गेलं ते लिहून द्या. मी हा प्रश्न मेलवर चार वेळा विचारलाय. चारही वेळा उत्तरात वॉरंटी पुस्तिकेचं एक कलम आलंय, कारण नाही आलं.

ती पुस्तिका पण एकदा वाचाच, बिघाड व्हायच्या आधी वाचा. त्यात किलोमीटर किंवा महिने "जे आधी होईल ते" असं असतं आणि आपण सगळे फक्त किलोमीटर बघतो, कमी चालणाऱ्या गाड्या तिथेच अडकतात. बऱ्याच पुस्तिकांमधे सर्व्हिसची दोन वेळापत्रकं असतात, एक साधं आणि एक कठीण वापराचं, म्हणजे धूळ, ट्रॅफिक, छोट्या छोट्या फेऱ्या. सेंटर स्टिकर लावताना साध्याचं लावतं आणि क्लेम आला की कठीणवालं पान उघडतं. आणि "झीज" हा शब्द, तो तर रबरासारखा आहे, कुठपर्यंतही ताणा.

मालक चुकत नाहीत असं मी म्हणणार नाही. टेंपरेचरचा काटा लाल होऊनही "आलंच की घर" म्हणून दामटवणारे मी बघितलेत, काडी आयुष्यात न काढलेले बघितलेत, पाण्यात बंद पडलेली गाडी परत परत सेल मारून रॉड वाकवून घेणारे पण बघितलेत, सिलेंडरमधे शिरलेलं पाणी दाबलं जात नाही हो, रॉडच वाकतो, आणि तो विषय विम्याचा आहे, वॉरंटीचा नाही. ज्याची चूक त्याने भरावं. फक्त चूक कोणाची ते दिसायला पुरावा शिल्लक पाहिजे.

म्हणून ज्यांची गाडी आज टो होऊन चाललीय त्यांना माझं एवढंच सांगणं की जॉब कार्डवर सही करायच्या आधी त्यावर हाताने लिहा, "माझ्या समोर इंजिन उघडावे, ऑईलचा नमुना व फिल्टर सील करून ठेवावा, काढलेले पार्ट टाकू नयेत", आणि त्याचा फोटो काढा. कॉम्प्युटरमधले फॉल्ट कोड स्कॅनरने पुसता येतात, तर पुसायच्या आधी त्याची प्रिंट मागा. बोलणं फोनवर झालं तरी संध्याकाळी मेलवर "आज आपलं असं बोलणं झालं" म्हणून टाका. आणि ते जेव्हा "गुडविल" म्हणून अर्धा खर्च देऊ करतील, मला गेल्या आठवड्यात केलाय, तेव्हा लगेच हुरळून सही करू नका, खाली बारीक अक्षरात यापुढे कुठलाही दावा करणार नाही असं आहे का ते बघा. माझ्या कागदावर होतं.

मी सही केलेली नाही. बाहेरच्या एका स्वतंत्र तपासनीसाला गाठलंय, तो क्रँक आणि तो कुरळा कण बघणार आहे, तोपर्यंत इंजिनला हात लावू नका असं सेंटरला लेखी दिलंय. कण सध्या देवघराच्या कप्प्यात औषधाच्या रिकाम्या बाटलीत आहे, बायकोचा त्याला विरोध आहे.

तुम्हाला विनंती, पुढच्या पुरवणीत नवीन मॉडेलवाल्या कंपनीच्या साहेबांची मुलाखत घ्याल तेव्हा मायलेजच्या आधी माझा एक प्रश्न विचारा, की तुमच्याकडे क्लेम नाकारला तर तपासणीचा रिपोर्ट फोटोंसकट गाडीमालकाला न मागता देता का? हो म्हणाले तर ते पण छापा, मी पुढची गाडी त्यांची घेईन.

आपला,
एक वाचक
(सध्या बसने)