मंत्रिमहोदय, टेकडी पुन्हा पेटली

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

गोरेगाव पूर्वेला दिंडोशीच्या टेकडीला लागून आमची सोसायटी आहे. मंगळवारी रात्री टेकडीवरचं गवत पुन्हा पेटलं. पावसाळा सरताना सोसायटीच्या बैठकीत एका साहेबांनी शब्द दिला होता, ‘गवत वाळायच्या आत जाळरेषा काढतो, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेला मोकळा पट्टा.’ चहा झाला, फोटो झाले. जाळरेषा राहिली.

घरं वाचवली ती जवानांनी. बंब खालीच अडकले, वर गाडी जाईल अशी वाटच नाही. मग ती पोरं अंधारात चढली आणि ओल्या फांद्यांनी आग झोडपत राहिली. देशाच्या आर्थिक राजधानीत, फांद्यांनी! हवेच्या झोतानं आग विझवायचे, पाठीवर घ्यायचे ब्लोअर असतात म्हणे. आमच्याकडचा बहुधा हायवेच्या ट्रॅफिकमध्ये असेल.

माझ्या आईला दमा आहे. रात्रभर नेब्युलायझर, दारं-खिडक्यांच्या फटीत ओले टॉवेल, तरी धूर घरात. पहाटे रिक्षा शोधून दवाखाना, रजा बुडाली, औषधांचं बिल वेगळं. आठवडा होत आला, अजून ती दोन वाक्यं सलग बोलत नाही. आग लागली तेव्हा फोन केला, तर पलीकडून प्रश्न आला, ‘आग नेमकी कोणाच्या हद्दीत आहे?’ म्हटलं, आगीलाच विचारून सांगतो.

३ डिसेंबर २०१८ आठवतंय? याच पट्ट्यात संध्याकाळी पेटलेली आग तीन-चार किलोमीटर पसरली. बंब कोणी दहा सांगतं, कोणी बारा. रात्रभर झुंज चालली. चौकशीच्या मागण्या झाल्या. पुढे? आपल्याकडचे बहुतेक वणवे माणूसच लावतो, आणि राखीव वनात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं गुन्हा आहे. पण संशय दरवेळी पाड्यावरच्या आदिवासीवर, ज्याचं घर सगळ्यांत आधी जळायचं! बोडकी टेकडी कोणाला हवी असते, हे मुंबईत शेंबडं पोरही सांगेल. जमीन वनाची, महापालिकेची की खासगी, हे आग लागली की कोणालाच ठाऊक नसतं. टॉवरला परवानगी देताना मात्र सातबारा तोंडपाठ असतो.

‘प्रयत्न सुरू आहेत’ हे उत्तर नको. जाळरेषेची तारीख द्या, टँकर चढेल अशी वाट द्या, त्या जवानांना निदान धुराचे मास्क द्या. आणि कृपा करून हे पत्र ‘योग्य त्या विभागाकडे’ पाठवू नका. तिथूनच तुमच्याकडे आलोय.

आपला,
दिंडोशीतला एक मतदार