वयनी, बाबांचं नाटक उघडलं

प्रिय वयनी,

कालच चिखलकालो झाला, अंगणातले चिखलाचे पाय अजून धुतलेले नाहीत, आणि मी लिहायला बसलो आहे. तुमचं घर तीन दारं सोडून. येऊन आभार मानले तेव्हा "त्यात काय एवढं" म्हणत तुम्ही चहा ठेवायला आत गेलात. म्हणून हे उघड पत्र. माशेलात आणि फोंड्याच्या बाजूच्या गावांत जत्रेला, काल्याला नाटक बसवणारी कितीतरी घरं आहेत. कुणा वडिलांनी, कुणा काकांनी टाईप केलेल्या संहितांच्या सीड्या तिथल्या कपाटांत पडून असतील. तुम्ही काय केलंत ते त्यांनाही कळू दे.

बाबांनी देवळाच्या उत्सवासाठी दोन नाटकं लिहिली आणि एक्सपीवर, म्हणजे विंडोजच्या जुन्या आवृत्तीवर, चालणाऱ्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः टाईप केली. युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसते ती अक्षरांची पद्धत, तेव्हा आमच्या घरात पोचलं नव्हतं. नव्या कॉम्प्युटरवर ती फाईल उघडली की नांदीपासून भरतवाक्यापर्यंत नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. सॉफ्टवेअर परत बसवू म्हटलं, तर त्याचा इन्स्टॉलर 16 बिटांचा, आणि 64 बिटांचं विंडोज तो चालवतच नाही. एका दुकानात विचारलं. "नव्याने टाईप करून घ्या," म्हणाले. कशावरून करणार? वहीला केव्हाच वाळवी लागली होती.

तुम्ही सगळं ऐकलंत आणि एकच विचारलंत, "एक्सपीची सीडी ठेवलीय?" ठेवली होती. वेष्टनावर परवान्याचा 25 अक्षरांचा क्रमांक, आणि कोपऱ्यात बाबांच्या हातची खरेदीची तारीख. माझ्या कॉम्प्युटरला सीडी घालायला जागाच नाही, तर बाहेरून जोडायचा ड्राइव्हही तुम्हीच पिशवीतून घेऊन आलात.

तुमचा बेत असा, की माझ्याच कॉम्प्युटरच्या आत, एका खिडकीत, एक्सपीचा दुसरा कॉम्प्युटर चालवायचा. ते करणारं व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं यावर माझा आधी विश्वास बसेना. 2007 साली एका जर्मन कंपनीने, इनोटेकने, त्याचा कोड खुला केला, पुढे ते सन या कंपनीकडे आणि 2010 मध्ये ओरॅकलकडे गेलं, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा जरा धीर आला. बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची, म्हणजे असा आतला कॉम्प्युटर चालवायची, सोय चालू केली. तरी खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसू लागलं. मी मोरजीच्या किनाऱ्यावरच्या कासवांची आठवण काढून खूश, आणि तुम्ही म्हणालात की हे कासव म्हणजे विंडोजमधल्या हायपर-व्ही या तसल्याच कामाच्या भागाने ती सोय आधीच अडवून ठेवलीय, आता सगळं संथ चालणार. ते बंद करून कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला आणि कासव गेलं.

मग एक्सपी बसवताना निळ्या पडद्यावर 'फॉरमॅट' हा शब्द आला आणि माझा हात थांबला. धाकटीचे लहानपणापासूनचे फोटो त्याच कॉम्प्युटरवर, दुकानाचा हिशेब त्याच कॉम्प्युटरवर. "भियेनाका बाब," तुम्ही म्हणालात. पण तेवढ्यावर सोडलं नाहीत. एक्सपी जिला डिस्क समजतं ती तुझ्या डिस्कवरची एक फाईल आहे, पुसलं गेलं तर त्या फाईलच्या आतलंच पुसलं जाईल, असं सांगून तुम्ही मला तो फोल्डरच उघडायला लावलात. 10 जीबी नाव लावलेली ती फाईल माझ्या डोळ्यांदेखत एक्सपी बसेल तशी थोडी थोडी वाढत होती. तिथे मला पहिल्यांदा कळलं की व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय. माझा 8 जीबी रॅमचा कॉम्प्युटर यजमान, आणि 512 एमबीत सुखाने राहणारा एक्सपी पाहुणा. पाहुण्याची नेटवर्कची केबल मात्र तुम्ही सेटिंगमधली खूण काढून तोडून टाकलीत, कारण 8 एप्रिल 2014 नंतर एक्सपीला सुरक्षेचे अपडेट मिळणं थांबलं. मला हे सुचलंही नसतं.

जाण्याआधी तुम्ही स्नॅपशॉट, म्हणजे पाहुण्याच्या त्या क्षणीच्या स्थितीची जपून ठेवलेली नोंद, घ्यायला लावलात आणि पुढचं माझ्यावर सोपवलंत. त्या रात्री मी भलतेच फॉन्ट घातले, सॉफ्टवेअर उघडेना. तुम्हाला फोन केला. "स्नॅपशॉटवर मागे जा आणि परत कर," एवढंच बोललात. दोनदा मागे गेलो. मधे करंट गेला, आला. एकदा माऊस त्या खिडकीतच अडकला, तो उजवीकडच्या कंट्रोलने सुटतो हे तुम्ही माझ्या वहीत आधीच लिहून ठेवलं होतं.

तिसऱ्या खेपेला फाईल उघडली. वयनी, पानभर मराठी. कंसात पेटीवाल्यासाठी सूचनासुद्धा तशीच, की पोरगा नवा आहे, सूर काळी दोनच्या वर नेऊ नये. तो पोरगा मीच. आईला उठवून आणलं. तिने चष्मा लावून पहिला प्रवेश मोठ्याने वाचला, मी बाजूला उभा राहून ऐकला.

एक्सपीतच पीडीएफ केली, यजमान आणि पाहुणा दोघांना दिसणाऱ्या शेअर्ड फोल्डरमधून बाहेर काढली, आणि 71 पानं छापून आणली. दुसरं नाटक अजून राहिलंय, त्या सीडीला चरे आहेत. युनिकोडमध्येही आणायचं आहे, त्यासाठी परत त्रास देणार.

हे नाटक पहिल्यांदा झालं त्या वर्षी तुम्ही लग्न होऊन या वाड्यावर आला होता आणि विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलं होतं, असं आई सांगते. तुम्ही हे मला एकदाही बोलला नाहीत. येत्या रविवारी संध्याकाळी 5 वाजता आमच्या ओसरीवर वाचन आहे. प्रॉम्प्टरची प्रत बांधून ठेवलीय, तुम्ही बसाल ना?

तुमचा,
बाब