गार पाण्याचं बिल कसं लावायचं, ते निविदेतच ठरवा

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सादर नमस्कार.

मी डेन्मार्कमधल्या आऱ्हूस शहरात राहतो. इथे घर तापवायला प्रत्येकाकडे वेगळा बॉयलर नसतो. केंद्रातून गरम पाणी जमिनीखालच्या नळांनी येतं आणि निवून परत जातं. देशातली जवळपास दोन तृतीयांश घरं अशीच ऊबदार राहतात. तळघरातल्या मीटरवर दोन तापमानं दिसतात, येणाऱ्या पाण्याचं आणि परतणाऱ्या पाण्याचं. खरी मेख त्या दुसऱ्या आकड्यात आहे. पाणी पुरेसं न निववता परत पाठवलं तर अनेक ठिकाणी बिलात जादा आकार लागतो, नीट निववलं तर सूट मिळते. मीटरचे आकडे आपोआप कंपनीकडे जात असल्यामुळे कुठल्या इमारतीचा व्हॉल्व्ह अडकलाय, हे रहिवाशांच्या आधी कंपनीला कळतं. परतीचं पाणी थंड असेल तर पंप कमी चालतात, नळांतून वाया जाणारी उष्णता घटते आणि कारखान्यांची, डेटा सेंटरची फुकट जाणारी उष्णताही जाळ्यात घेता येते. ओडेन्स शहरात फेसबुकच्या डेटा सेंटरची उष्णता अशीच घरांत पोचते. (फार हुरळून जायला नको. लाकडाच्या गोळ्या आणि कचरा इथेही जाळतातच.)

मुंबईत घर कोण तापवणार, असं आपण म्हणाल. पण हेच जाळं उलटं चालवलं, म्हणजे गरमऐवजी गार पाणी फिरवलं, की इमारती गार होतात. गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत एका केंद्रातून असं गार पाणी (चिल्ड वॉटर) पुरवलं जातं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ठाणे आणि पुण्याचा अभ्यास केला होता. केंद्र सरकारच्या 2019 च्या कूलिंग आराखड्यात तर 2037-38 पर्यंत गारव्यासाठी लागणारी ऊर्जा 25 ते 40 टक्क्यांनी घटवायचं उद्दिष्ट आहे. आपली बरीचशी वीज अजून कोळशावरची, त्यामुळे वाचलेलं प्रत्येक युनिट थेट धूर कमी करतं.

माझी विनंती एकच आहे. बीकेसी असो वा नवी मुंबई विमानतळाभोवतीचं नैना क्षेत्र, अशा प्रकल्पाची निविदा निघेल तेव्हा बिल नुसतं टनांवर, म्हणजे किती गारवा वापरला त्यावर, लावू नका. 6 अंशांचं पाणी इमारतीतली उष्णता घेऊन 14 अंशांना परतायला हवं. ते 10 लाच परतलं, तर तेवढ्याच गारव्यासाठी दुप्पट पाणी फिरवावं लागतं. नळ तेच असल्यामुळे पंपांची वीज, कागदावरच्या हिशेबाने, आठपट होते. वर एक जादा चिलर (पाणी गार करणारं यंत्र) चालू करावा लागतो तो वेगळाच. मग कितीही महागडं सॉफ्टवेअर बसवा, काही उपयोग नाही. बिल्डरने स्वस्तातले व्हॉल्व्ह बसवायचे आणि भुर्दंड अख्ख्या जाळ्याने सोसायचा, हे चालू देऊ नका.

म्हणून दोन्ही तापमानं नोंदवणारं स्मार्ट मीटर पहिल्या दिवसापासून सक्तीचं करा आणि परतीच्या तापमानावर सूट-दंड लावा. गार पाण्याच्या साठवण टाकीची अटही घाला, म्हणजे दुपारच्या सौर विजेवर पाणी गार करून ठेवता येईल आणि संध्याकाळी वापरता येईल. आकडे कंपनीच्या कपाटात न राहता महापालिकेलाही मिळायला हवेत.

निविदेचा मसुदा आधी प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवा. इथले-तिथले आम्ही बरेच अभियंते तो फुकटात वाचून देऊ.

आपला,
आऱ्हूसमधला एक मराठी अभियंता