डेझींची नदी दाखवणाऱ्या मार्गदर्शिकेस

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

पोलंडमधील वाउब्झिख शहराजवळचा क्शोंश किल्ला, म्हणजे जर्मन अमदानीतील फ्युर्स्टेनस्टाइन, आपण मला आस्थेने दाखवलात आणि पुढे या किल्ल्याच्या एकेकाळच्या स्वामिनी डेझी यांच्यावर लेख लिहिताना माझ्या प्रत्येक शंकेला पत्राने सविस्तर उत्तर दिलेत. त्याबद्दल आपले जाहीर आभार मानावेत, असे मनापासून वाटले.

वेल्समधील रुथिन येथे 1873 साली जन्मलेल्या डेझी कॉर्नवॉलिस-वेस्ट 1891 मध्ये लंडनला विवाहबद्ध होऊन या किल्ल्याचे मालक असलेल्या प्लेसच्या राजघराण्यात आल्या, एवढे मला ठाऊक होते. त्यांच्याविषयी जे काही वाचनात येई, ते बहुधा त्यांच्या सौंदर्याभोवती आणि मोत्यांच्या त्या लांबलचक माळेभोवतीच घुटमळत असे. आपण मात्र माळेची आख्यायिका दोन वाक्यांत आटोपलीत आणि किल्ल्याखालच्या दरीतून वाहणाऱ्या पेउच्निचा नदीकडे माझे लक्ष वेधलेत. कोळशाच्या खाणींवर पोसलेल्या शहराचे सांडपाणी याच पाण्यात मिसळत होते, त्याच्या काठी राहणारी गरीब कुटुंबे आजारांनी गांजली होती, आणि ज्या घरात खाणींचे उत्पन्न येत होते त्याच घरच्या परदेशी सुनेने अधिकाऱ्यांचा पिच्छा पुरवून नदीच्या शुद्धीकरणाचे काम मार्गी लावले, हे आपण सांगितले नसते तर माझा लेख मोत्यांपाशीच अडला असता. गरीब स्त्रियांच्या हाताला काम मिळावे म्हणून त्यांनी लेस विणण्याचे शिक्षण सुरू केले, हेही मला आपल्याकडूनच कळले.

किल्ल्यातील फ्रेंच आचारी लुई आर्दुएँ यांनी टिपलेली छायाचित्रे आपण एकेक करून समजावून दिलीत. राजवाड्याचा रोजचा संसार पाहण्याची संधी इतिहासात फार क्वचित मिळते, आणि ती मिळावी एका आचाऱ्याच्या कॅमेऱ्यातून, याचे मला विशेष अप्रूप वाटते.

पहिल्या महायुद्धाच्या काळाबद्दल आपण फार जपून बोललात. माहेर एका बाजूला आणि सासर दुसऱ्या बाजूला असताना डेझींनी जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. तरीही ब्रिटिश युद्धकैद्यांना भेटल्यामुळे जर्मनीत त्यांच्यावर संशय घेतला गेला. पुढे घटस्फोट झाला, आजारपण जडले आणि नाझींनी किल्लाही ताब्यात घेतला. 1943 मध्ये शहरातच त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचा एक मुलगा ब्रिटिश सैन्यात आणि दुसरा पोलिश सैन्यात होता. हा भाग लिहिताना कोणत्याही एका देशाच्या बाजूने कौल देऊ नये, ही आपली सूचना मी तंतोतंत पाळली आहे.

लेख यंदाच्या दिवाळी अंकासाठी पाठवला असून त्यात नदीचा भाग सर्वांत मोठा आहे. अंक हाती येताच त्याची प्रत, इंग्रजी सारांशासह, आपल्याला पाठवीन.

कळावे, लोभ असावा.
आपली ऋणी,
एक मराठी वाचक