लेबलाआधी माल बदल

प्रिय लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शाश्वततेवरचं, म्हणजे निसर्गाला न ओरबाडता धंदा चालवण्यावरचं, तुझं सादरीकरण संपल्यावर वरिष्ठांनी एवढंच विचारलं, ‘यातून धंद्याला काय मिळणार?’ तू खट्टू झालीस, पण मला तो प्रश्न रास्त वाटतो. ताळेबंदात न दिसणारं काम पहिल्या मंदीत बंद पडतं. तुझं काम टिकावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहितोय.

हिशेबाची सुरुवात ग्राहकाच्या चांगुलपणापासून करू नकोस. ‘पर्यावरणासाठी चार पैसे जास्त द्याल का?’ असं विचारलं की माणसं हो म्हणतात आणि दुकानात मात्र स्वस्त पाकीट उचलतात. त्यांना दोष देऊ नये, घर चालवायचं असतं. अमेरिकेत फ्रिटो-ले कंपनीने सनचिप्स या आपल्या वेफर्ससाठी कुजून खत होणारी पिशवी आणली होती. कल्पना उत्तम, पण पिशवी इतकी कडक की हात लावला की कर्कश आवाज. लोक वैतागले, व्हिडिओ निघाले, खप घसरला. २०१० मध्ये कंपनीला बहुतेक चवींसाठी जुनी पिशवी परत आणावी लागली. ग्राहकाने नुसता आवाजसुद्धा चालवून घेतला नाही!

याउलट कपडे धुण्याच्या लिक्विडचं बघ. वॉलमार्ट या दुकानसाखळीने २००७ मध्ये जाहीर केलं की पुढच्या मे महिन्यापर्यंत अमेरिकेतल्या आपल्या दुकानांत फक्त दाट लिक्विडच विकायचं. त्यातलं पाणी कमी झालं तशी बाटली लहान झाली. प्लास्टिक कमी, खोक्याचा पुठ्ठा कमी, एका ट्रकमध्ये जास्त बाटल्या, फळीवरही जास्त माल, आणि धुलाई तेवढीच. कंपन्या इतकी वर्षं भाडं भरून पाणी वाहून नेत होत्या. मग हे आधी का झालं नाही? कारण शेजारच्या मोठ्या बाटलीपुढे लहान बाटलीत माल कमी वाटतो, आणि एकट्याने पाऊल टाकणाऱ्याचा खप दुसरा पळवतो. सगळ्यांना एकदमच बदलावं लागलं, म्हणून कोंडी फुटली. ही गोष्ट तुझ्या विक्री विभागाला जरूर सांग. चांगली कल्पना कुठे अडते, हे त्यातून नेमकं कळतं.

पॅटागोनिया या अमेरिकी कपड्यांच्या कंपनीचं नाव बैठकीत कुणीतरी काढेलच. ‘हे जॅकेट विकत घेऊ नका’ अशी जाहिरात त्यांनी २०११ मध्ये दिली होती. मला त्या कंपनीबद्दल आदर आहे, पण तिचे शेअर बाजारात नाहीत, दर तिमाहीला गुंतवणूकदारांपुढे उभं राहावं लागत नाही. तुमचं तसं नाही. तिच्याकडून दुरुस्ती आणि जुन्या मालाची फेरविक्री तेवढी उचल; त्यात एकच वस्तू दुसऱ्यांदा कमाई देते आणि ग्राहकही हातचा जात नाही.

आणखी एक. मार्केटिंगवाले लेबलावर हिरवं पान छापायची घाई करतील, त्यांना अडव. युरोपीय संघात २७ सप्टेंबर २०२६ पासून पुराव्याविना नुसतं ‘पर्यावरणपूरक’ म्हणता येणार नाही. दुसऱ्याच ठिकाणी झाडं लावून किंवा कार्बन क्रेडिट (इतरांनी केलेल्या कार्बन-कपातीचं प्रमाणपत्र) विकत घेऊन वस्तू ‘कार्बन न्यूट्रल’, म्हणजे हवेतल्या कार्बनमध्ये भर न घालणारी, असल्याचा दावाही चालणार नाही. खोटं उघडं पडलं तर काय होतं, ते फोक्सवॅगनने २०१५ नंतर भोगलंय. डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचणीत केलेल्या लबाडीचा भुर्दंड तीस अब्ज युरोंच्या वर गेला.

म्हणून पुढच्या बैठकीत सबंध कंपनीची गोष्ट मांडू नकोस. एकच उत्पादन निवड, तुमचं सगळ्यात जास्त खपणारं. नगामागे वेष्टन किती ग्रॅम, ट्रकमध्ये नग किती मावतात, कच्चा माल कुठून येतो आणि पाऊस हुकला तर त्याचा भाव किती चढतो, परत येणारा माल किती. हे आकडे खरेदी विभागाकडे असतात, जाहिरात विभागाकडे नाही, तेव्हा आधी त्यांच्याशी बोल. तक्ता तयार झाला की मला पाठव, मी रात्री बसून तपासून देतो.

तुझा,
बाबा