रुग्ण घरी पोहोचतो, औषधे आणि साहित्य मात्र शहरातच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्णाला ‘आता घरी न्या’ असे डॉक्टर सांगतात, तेव्हा तो सल्ला बहुतेक वेळा योग्यच असतो. माझ्या आईच्या बाबतीतही तो योग्य होता. उरलेले दिवस स्वतःच्या घरात, आपल्या माणसांत काढण्याची तिची इच्छा होती आणि मुंबईतील डॉक्टरांनी ती समजून घेतली. परंतु घरी गेलेल्या रुग्णाला लागणारी औषधे व साहित्य कोठून मिळणार, ही जबाबदारी तालुक्याच्या पातळीवर कोणाकडेही सोपवलेली नाही, हे रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावी तिला आणल्यावर लक्षात आले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी डोक्याकडची बाजू वर करता येणारी खाट, एअर बेड, कॅथेटर व युरिन बॅग, मोठ्यांचे डायपर, अंडरपॅड, ड्रेसिंगचे गॉज एवढे तर लागतेच. यांपैकी खाट आणि एअर बेड आम्हाला एका मंडळाच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रातून अनामत रक्कम भरून, नाममात्र भाड्याने मिळाले. अशी केंद्रे महाराष्ट्रात अनेक गावी स्वयंसेवकांच्या बळावर चालतात आणि त्यांचे उपकार शब्दांत सांगता येणार नाहीत. मात्र रोज वापरून टाकून द्यावे लागणारे साहित्य तेथे मिळत नाही, ते गावच्या मेडिकलमध्ये योग्य मापाचे असेलच असे नाही, आणि त्याचा खर्च महिन्यामागून महिना घरच्यांनाच करावा लागतो. आईचे रुग्णालयातील उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून विनामूल्य झाले, परंतु त्या योजनेचा आधार रुग्णालयाच्या दारापाशी संपतो.

शिवाय कोकणातल्या पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते. एअर बेडचा पंप बंद पडला की गादीतील हवा उतरू लागते, आणि मग पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी रुग्णाला कूस बदलून द्यावीच लागते. हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरही विजेवरच चालतो, त्यामुळे तो घेणाऱ्या प्रत्येक घरात एक भरलेला सिलिंडर हाताशी असणे आवश्यक आहे. रुग्णाला घरी सोडताना या गोष्टी कागदावर लिहून द्यायला कितीसा वेळ लागतो?

खरा प्रश्न मॉर्फीनचा आहे. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायची मॉर्फीनची गोळी हे जुने, खात्रीचे आणि स्वस्त औषध असून जागतिक आरोग्य संघटनेच्या तसेच आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ते आहे. ज्या अफूपासून ते तयार होते, तिची परवानाधारक शेती मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात होते, आणि नीमच व गाझीपूर येथे तिच्यावर प्रक्रिया करणारे सरकारी कारखाने आहेत. तरीही आमच्या तालुक्यातील एकाही औषध दुकानात ते मिळाले नाही. साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो, त्यामुळे गोळ्या संपणे म्हणजे त्याच दिवशी वेदना परत येणे. म्हणून पुरवठा संपत आला की घरातील कोणीतरी रात्रीच्या एसटीने मुंबई गाठत असे, आणि तो माणूस परत येईपर्यंत आई ‘गोळी आली का?’ असे विचारत राही.

१९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे पूर्वी रुग्णालयांना या औषधासाठी वेगवेगळ्या खात्यांचे परवाने काढावे लागत, म्हणून बहुतेकांनी ते ठेवणेच सोडून दिले. २०१४मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०१५च्या नियमांनुसार, वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असलेल्या रुग्णालयाला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी ठरते. याचा अर्थ तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातही मॉर्फीन कायदेशीरपणे ठेवता येते. उरली आहे ती भीती. ती डॉक्टरांमध्ये आहे आणि ‘मॉर्फीन सुरू झाले म्हणजे सारे संपले’ असे मानणाऱ्या नातेवाइकांमध्येही आहे. योग्य मात्रेत दिल्यास वेदनेच्या रुग्णाला त्याचे व्यसन सहसा लागत नाही, आणि सोबत पोट साफ होण्याचे औषध दिले की बद्धकोष्ठतेचा नेहमीचा त्रासही आटोक्यात राहतो, हे दोघांनाही समजावून सांगायला हवे.

केरळने २००८मध्ये पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात रुग्णाच्या वेदना व त्रास कमी करण्याच्या सेवेचे, स्वतंत्र धोरण स्वीकारले. तेथे ग्रामपंचायतींच्या निधीतून परिचारिका घरोघरी जातात, कॅथेटर बदलतात, जखमा पाहतात. आपल्याकडेही गावपातळीवरील सरकारी आरोग्य केंद्रांच्या, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांमध्ये पॅलिएटिव्ह केअरचा समावेश कागदोपत्री झालेला आहेच. माझी राज्याच्या आरोग्य विभागाकडे मागणी अशी आहे की, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयातील किमान एका डॉक्टरला हे प्रशिक्षण देऊन तेथे मॉर्फीनचा नियमित साठा ठेवावा, डायपर, कॅथेटर व ड्रेसिंगचे साहित्य उपकेंद्रामार्फत घरपोच द्यावे, आणि मोठ्या रुग्णालयांनी अशा रुग्णाला घरी सोडताना त्याच्या तालुक्यातील रुग्णालयाला आधी कळवावे.

वाचकांनाही एक विनंती आहे. आपल्या घरी रुग्णाच्या पश्चात खाट, एअर बेड, व्हीलचेअर किंवा न उघडलेली डायपरची पाकिटे पडून असतील, तर ती जवळच्या साहित्य केंद्राकडे लवकर पोहोचवावीत. मॉर्फीनच्या उरलेल्या गोळ्या मात्र कोणालाही न देता, जेथून घेतल्या त्या रुग्णालयाकडेच परत कराव्यात.

आपली नम्र,
एक वाचक, जि. रत्नागिरी