नव्याचे नऊ दिवस, हंगाम ३८ सामन्यांचा

मा. संपादक,
स. न.

इंग्लिश प्रीमियर लीगच्या २०२४-२५ हंगामाचा आढावा आपल्या क्रीडापानावर वाचला. हंगामाच्या मध्यात प्रशिक्षक बदलला की गाळात रुतलेला संघ वर येतो, असा त्याचा सूर होता आणि दाखल्याला एव्हर्टन व वुल्व्ह्ज ही दोन नावे होती. पण हंगाम चालू असताना प्रशिक्षक बदलणारे क्लब सहा होते. उरलेल्या चौघांचा हिशेब लेखात कुठेच नव्हता, म्हणून हे पत्र.

मँचेस्टर युनायटेडने २८ ऑक्टोबरला एरिक टेन हाग यांना काढले, तेव्हा लीगच्या ९ सामन्यांत ११ गुण होते (विजयाला तीन, बरोबरीला एक). रुबेन अमोरिम यांनी २७ सामन्यांत २७ गुण मिळवले, म्हणजे सामन्यामागे १.२२ वरून थेट १. वेस्ट हॅमचे लोपेतेगी २० सामन्यांत २३ गुणांवर असताना गेले. ग्रॅहम पॉटर यांनी उरलेल्या १८ सामन्यांत २० मिळवले, म्हणजे जैसे थे. लेस्टरचे स्टीव्ह कूपर १२ सामन्यांत १० गुणांवर घरी गेले, त्यांच्या जागी आलेल्या रूड व्हॅन निस्टलरॉय यांच्या खात्यावर २५ सामन्यांत १५ जमा झाले. साउदॅम्प्टनमध्ये रसेल मार्टिन यांचे १६ सामन्यांत ५ गुण, इव्हान युरिच यांचे १४ सामन्यांत ४. तिथे बोलण्यासारखे काही नाही. सात सामने शिल्लक असतानाच तो संघ खालच्या श्रेणीत गेला आणि पाठोपाठ युरिचही गेले.

नव्याचे नऊ दिवस म्हणजे काय, ते लेस्टरमध्ये अक्षरशः दिसले. व्हॅन निस्टलरॉय आले आणि ३ डिसेंबरला वेस्ट हॅमवर ३-१ विजय, ८ डिसेंबरला ब्रायटनशी २-२ बरोबरी. दोन सामन्यांत चार गुण, सगळीकडे कौतुक. त्यानंतरच्या २३ सामन्यांत मिळून ११ गुण. २२ डिसेंबरपासून २० एप्रिलपर्यंत घरच्या मैदानावर लागोपाठ नऊ लीग सामने हरले आणि त्या नऊ सामन्यांत एक गोलसुद्धा नाही!

आता आपल्या लेखातली दोन नावे. एव्हर्टनचा दाखला मी बिनशर्त मान्य करतो, कारण तिथली तुलना जवळजवळ काटेकोर आहे. शॉन डाइश यांचे १९ सामने, डेव्हिड मॉयेस यांचेही १९. सतरा प्रतिस्पर्धी दोघांच्या वाट्याला एकेकदा आले. डिसेंबरमधला लिव्हरपूलविरुद्धचा सामना वादळामुळे पुढे गेला, त्यामुळे डाइश बोर्नमथशी दोनदा खेळले आणि लिव्हरपूलचे दोन्ही सामने मॉयेस यांच्या गळ्यात पडले. म्हणजे कठीण पेपर मॉयेस यांचा होता. तरीही डाइश यांचे १७ गुण आणि १५ गोल, मॉयेस यांचे ३१ गुण आणि २७ गोल. मॉयेस त्या क्लबात आधी अकरा वर्षे काढून गेलेले, हे विसरू नये. त्यांना घर नव्याने ओळखायचे नव्हते.

वुल्व्ह्जची गोष्ट वेगळी आहे. गॅरी ओ'नील यांचे १६ सामन्यांत ९ गुण आणि व्हिटर परेरा यांचे २२ सामन्यांत ३३, एवढेच छापले की परेरा जादूगार वाटतात. पण सामन्यांचा क्रम काढून बघा. ओ'नील यांचे पहिले आठ प्रतिस्पर्धी होते आर्सेनल, चेल्सी, नॉटिंगहॅम फॉरेस्ट, न्यूकॅसल, अ‍ॅस्टन व्हिला, लिव्हरपूल, ब्रेंटफर्ड आणि मँचेस्टर सिटी. हंगामअखेर पहिल्या सात क्रमांकांवर राहिलेले सातही संघ त्यात आले, आणि त्या आठ सामन्यांतून एक गुण हाती लागला. उलट परेरा यांची ज्यावरून वाहवा झाली ती मार्च-एप्रिलमधली सलग सहा विजयांची मालिका कोणाविरुद्ध? साउदॅम्प्टन, वेस्ट हॅम, इप्सविच, टॉटनहॅम, युनायटेड आणि लेस्टर. म्हणजे तक्त्यातले शेवटचे सात संघ, त्यातून स्वतः वुल्व्ह्ज वजा. ३३ पैकी १८ गुण इथलेच. परेरा यांनी काहीच केले नाही, असे मी म्हणत नाही. संघाचा विसकटलेला बचाव त्यांनी सावरला. मात्र श्रेय वाटताना वेळापत्रकाचाही वाटा काढायला हवा.

मध्येच आलेला माणूस का फसतो, याचे उत्तर बहुतेक वेळा आधीच्या माणसासाठी केलेल्या खरेदीत असते. युनायटेडने जुलै २०२४ मध्ये टेन हाग यांचा करार २०२६ पर्यंत वाढवला आणि त्याच उन्हाळ्यात अयाक्समध्ये त्यांच्याच हाताखाली खेळलेले डी लिख्ट व मझरावी आणले. पुढच्या नऊ लीग सामन्यांत टेन हाग बाहेर. स्पोर्टिंग लिस्बनला १ कोटी १० लाख युरो मोजून आणलेले अमोरिम ३-४-३ (तीन बचावपटू, मध्ये चार, पुढे तीन) खेळवणारे. या रचनेत दोन्ही कडांना बचावापासून प्रतिस्पर्ध्याच्या गोलपर्यंत सारखे वर-खाली धावणारे विंग-बॅक लागतात. ते संघात नव्हतेच. इप्सविचविरुद्धच्या पहिल्या सामन्यात उजवीकडे अमाद डियालो हा मूळचा आघाडीपटू आणि डावीकडे उजव्या पायाचा डियोगो दालो. दालो कडेने पुढे गेला की क्रॉससाठी, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकण्यासाठी, चेंडू उजव्या पायावर घ्यायला आत वळणार. तेवढ्यात समोरचे बचावपटू जागेवर येऊन उभे. डावा विंग-बॅक पॅट्रिक डोर्गू मिळाला तो फेब्रुवारीच्या तोंडावर. तहान लागल्यावर विहीर खणायची म्हटल्यावर पाणी फेब्रुवारीतच लागणार. अमोरिम यांना स्वतःला हंगाम संपल्यावर यायचे होते आणि हे ते उघडपणे बोललेही होते.

याच्या शेजारी लिव्हरपूल ठेवा. प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांनी जाण्याची घोषणा २६ जानेवारी २०२४ लाच केली. क्लबाला शोधाशोध करायला चार महिने मिळाले. त्यांच्या जागी आलेल्या आर्ने स्लॉट यांनी उन्हाळ्यात त्या हंगामासाठी फेडेरिको किएझा हा एकच नवा खेळाडू घेतला. मधल्या फळीसाठी हवा असलेला झुबिमेंडी नाही म्हणाला, तेव्हा आधीच्या हंगामात बराच काळ राखीव बसलेल्या ग्रावनबर्खला बचावफळीच्या पुढे उभे केले आणि तो जवळजवळ प्रत्येक सामना खेळला. चार सामने शिल्लक असताना विजेतेपद नक्की झाले.

जाता जाता शब्दाबद्दल. आपण सगळ्यांनाच 'प्रशिक्षक' लिहिता. त्या हंगामात मॉयेस यांचे पद 'मॅनेजर' होते, स्लॉट आणि अमोरिम यांचे 'हेड कोच'. हेड कोच असलेल्या क्लबांत खेळाडूंची खरेदी-विक्री मुख्यतः क्रीडा संचालकाच्या टेबलावरून होते. त्यामुळे नको तो खेळाडू आला तर बोट कोणाकडे दाखवायचे, हेही बदलते.

टॉटनहॅमच्या बातमीतही एक आकडा राहून गेला. युरोपा लीग जिंकल्यावर सोळाव्या दिवशी प्रशिक्षक पोस्टेकोग्लू यांना काढले, हा कृतघ्नपणा असे आपण लिहिलेत. मलाही तो निर्णय रुचला नाही. पण त्या संघाने लीगमध्ये ३८ पैकी २२ सामने गमावले होते आणि तो सतरावा आला होता. शेवटचे तीन संघ खालच्या श्रेणीत जातात; अठराव्या लेस्टरचे गुण अवघे २५ होते म्हणून ३८ गुणांत निभावले; एरवी एवढ्या गुणांवर शेवटच्या दिवसापर्यंत जीव टांगणीला लागतो. त्यांच्या जागी थॉमस फ्रँक १२ जून २०२५ ला नेमले गेले, म्हणजे सरावाचे सहा आठवडे आणि खरेदीची जवळजवळ पूर्ण मुदत त्यांच्या हातात होती.

दरवर्षी ऑगस्टमध्ये नवा हंगाम सुरू होतो. हकालपट्टीच्या बातम्याही मग येऊ लागतात. तेव्हा बातमीखाली तीन ओळींची एक चौकट द्यावी, ही विनंती: गेलेल्या माणसाचे सामने व गुण, तोवर झालेल्या लढतींतले प्रतिस्पर्धी, आणि नव्या माणसाच्या वाट्याला येणारे पुढचे आठ संघ. तक्ता छोट्या टायपात छापलात तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे